गोष्टीतली माणसं इतकी चांगली का असतात?

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या वाचनालयात देवघेवीच्या खिडकीशी एक मुलगी आली. अकरावीत असेल. घर सोलापूरच्या पूर्व भागात, आई विड्या वळते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, मैत्रिणींत दोन्हीची मिसळ. 'श्यामची आई' परत करायला आली होती. मी तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का मारला, पुस्तक बाजूला ठेवलं, तरी ती उभीच.

"काका, असली माणसं खरंच असत्यात का ओ?"

"कसली?"

"ह्या आईसारखी. माझी आई चांगलीच आहे. पण हजार विड्या वळून उठली की तिच्याशी बोलायला भीती वाटते. पुस्तकातली आई कितीही दमली तरी समजून घेते. मग लेखक लोक नसलेली माणसं का लिहितात?"

मागे चार-पाच सभासद खोळंबले होते. मी "असतात, असतात" म्हणून तिला दुसरं पुस्तक दिलं आणि मोकळा झालो. रात्री घरी जाताना मात्र वाटलं, वाचनालयात इतकी वर्षं काढली, पुस्तकं लावली, दाखलांक घातले, फाटलेल्यांना बाइंडिंग करून घेतलं आणि जो प्रश्न खरा विचारण्यासारखा होता त्याला उडवून लावलं. तिला जे सांगायला हवं होतं ते इथे नीट सांगतो.

तिचा प्रश्न फार जुना आहे. वाल्मीकींच्या रामायणाची सुरुवातच एका प्रश्नाने होते. वाल्मीकी नारदांना विचारतात, "को न्वस्मिन् साम्प्रतं लोके गुणवान् कश्च वीर्यवान्". म्हणजे, आज या घडीला या जगात गुणी असा कोण आहे? पराक्रमी कोण? केलेलं स्मरणारा, खरं बोलणारा, सगळ्या जिवांचं भलं पाहणारा असा कोणी आहे का? यातला 'साम्प्रतं' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी कोण होता असं ते विचारत नाहीत. आत्ता, आपल्या आसपास कोण आहे, असं विचारतात. नारदही चटकन नाव सांगत नाहीत. तू सांगितलेले इतके गुण एका ठिकाणी मिळणं कठीण, असं आधी म्हणतात आणि मग रामाचं नाव घेतात. आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या आदर्श पात्राची गोष्ट अशी एका शोधातून सुरू झाली. ज्याला भोवताली असा माणूस सहज दिसत असतो, तो असं विचारत नाही.

लेखक चांगली माणसं लिहितो ती त्याला जग कळत नाही म्हणून, असा एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांनी जगाचे फटके जास्त खाल्ले, त्यांच्याच लेखणीतून अशी माणसं जास्त उतरलेली दिसतात.

आता 'आदर्श पात्र' म्हणजे नेमकं काय, ते आपल्या गावच्या चादरीवरून सांगतो. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे ती भोकं ठरवतात. वर आलेल्या धाग्यांतून चादरीवरचा मोर दिसतो. खाली राहिलेले धागे कुठे जात नाहीत, ते त्याच कापडात असतात. चादर उलटी केली की दिसतातही. लेखक माणसाचं असंच करतो. राग, कंटाळा, हेवा, चहाड्या हे सगळं त्या माणसात असतंच. लेखक ठरवतो की या गोष्टीत माया वर उचलायची. याला खोटं म्हणता येणार नाही. खोटं तेव्हा होतं, जेव्हा खाली धागेच नसतात आणि नुसता वरचा रंग मारलेला असतो.

मग माया वर का उचलायची?

'श्यामची आई'चंच पाहू. साने गुरुजींनी ते 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अवघ्या पाच दिवसांत. त्यांची आई 1917 साली गेली होती. पंधरा वर्षं उलटून गेल्यावर, कोठडीत बसलेला एक मुलगा गेलेल्या आईला आठवतोय. पुस्तकातला श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. जिच्याशी शेवटचं बोलायचं राहून गेलं, तिच्याविषयी माणूस लिहायला बसला की कोणते धागे वर येतील? त्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं की तू वाचलीस ती आई आईच्या जागी बसून लिहिलेली नाही. ती मुलाच्या जागेवरून दिसलेली आहे. ज्याला माया मिळाली, त्याने ती लिहून ठेवली आहे.

माझ्या मते गोष्टींतली दयाळू पात्रं समजून घ्यायची किल्ली इथे आहे. खरी उतरलेली दयाळू माणसं बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या जागेवरून काढलेली असतात. ज्याला ती माया मिळाली, किंवा हवी होती आणि मिळाली नाही, अशा माणसाच्या नजरेतून. देणाऱ्याच्या जागेवर बसून, मी किती चांगला हे दाखवण्यासाठी काढलेली माणसं वाचायला नकोशी होतात.

म्हणूनच ती आई नुसती गोड गोड नाही. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, तर ती त्याला मारून विहिरीवर पाठवते. एका प्रसंगात म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडलेली असते. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. आज वाचताना ती आंघोळ खुपते. खुपायलाच हवी. तिची माया तिच्या काळाच्या दोरीने बांधलेली होती आणि गुरुजींनी ती दोरी झाकून ठेवली नाही. पण पुढे काय झालं ते आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. 1947 च्या मे महिन्यात गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुलं करा, एवढंच मागणं होतं आणि ते देऊळ खुलं झालं. मोळीला हात लावून आंघोळ करायला सांगणाऱ्या आईपासून ते त्या उपोषणापर्यंत एकच धागा जातो असं मला वाटतं. लिहिलेलं चांगलं पात्र आधी लेखकालाच स्वस्थ बसू देत नाही. तू मला लिहिलंस, आता तू काय करणार, असं ते त्यालाच विचारत राहतं.

कधी कधी असं पात्र दुसऱ्या कुणाला जाब विचारायलाही उभं केलेलं असतं. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोच्या 1862 सालच्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीत एक बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू आहे. एकोणीस वर्षं तुरुंगात काढून आलेल्या वालज्याँला कुणी दारात उभं करत नाही. हा बिशप त्याला जेवू घालतो, झोपायला जागा देतो. वालज्याँ रात्री त्याचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात, तेव्हा बिशप म्हणतो, ही तर मीच याला दिली होती. वर, चांदीचे मेणबत्तीदान राहिले की तुझे, म्हणून तेही हातात ठेवतो. ह्यूगोच्या मुलाला, शार्लला, हे पटलं नव्हतं. इतका चांगला धर्मगुरू कशाला, त्याऐवजी एखादा डॉक्टर दाखवा, असं त्याचं म्हणणं होतं. ह्यूगोचं उत्तर असं होतं की या निर्मळ धर्मगुरूचं चित्र हीच आजच्या धर्मगुरूंवरची सगळ्यात जहरी टीका आहे. मला हे उत्तर पटतं. वाईट माणूस दाखवला तर वाचणारा म्हणतो, असे लोक असतातच. चांगला दाखवला की खुर्चीवर बसलेल्याला आपल्याकडे बघावं लागतं. आणि इथेही तीच किल्ली लागते. बिशप आपल्या मनात राहतो तो मेणबत्तीदान हातात घेऊन थरथरत उभ्या असलेल्या वालज्याँमुळे.

आणखी एक कारण आपल्या मनाच्या ठेवणीत आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आफ्रिकेतल्या मालीमधल्या सात वर्षांच्या एका भुकेल्या मुलीची माहिती देऊन मदत मागितली. दुसऱ्यांना लाखो उपाशी लोकांचे आकडे दाखवले. एका मुलीसाठी लोकांनी जास्त पैसे दिले. मुलगी आणि आकडे दोन्ही दाखवले, तर नुसत्या मुलीसाठी मिळाले होते त्याहून कमी मिळाले. म्हणजे आपली दया एका चेहऱ्यावर लवकर जाते, आणि आकडे समोर आले की ती आकसते. लेखकाला हे प्रयोगाशिवायच माहीत असतं. म्हणून तो 'समाजात करुणा हवी' असं लिहीत बसत नाही, एक बाई उभी करतो, तिच्या हातात काहीतरी देतो.

हे 'काहीतरी' फार मोलाचं. आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची लहानपणची गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात. गुरं राखणाऱ्या पोराकडे मल्लय्या, म्हणजे श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, वाटसरूच्या वेशात येतो. पोरगं त्याला हुरडा देतं. हुरड्याने पोटात आग पडली, दहीभात आण, असं तो म्हणतो. पोरगं धावत घरी जातं, दहीभात घेऊन येतं, तर तिथे कुणी नाही. मग ते "मल्लय्या, मल्लय्या" करत रडत शोधत सुटतं, ते थेट श्रीशैलापर्यंत. कन्नड कवी राघवांकाने सिद्धरामांचं चरित्र काव्यात बांधलं, त्यालाही आता काही शतकं लोटली. पण सोलापुरातल्या आजीला त्या गोष्टीतलं विचारा, ती दहीभात सांगेल. हुरड्याचे दिवस, उन्हात पोटात पडलेली आग आणि वर गार दहीभात. ही गोष्ट इथल्याच कुणाला सुचू शकते. 'सिद्धराम अत्यंत दयाळू होते' या वाक्याने कुणाचंही पोट थंड होत नाही.

आता हे सगळं बिघडतं कुठे?

पहिलं, पात्राला चांगुलपणा फुकट पडला की ते मरतं. रशियन कादंबरीकार दस्तयेव्स्कीने 1868 च्या जानेवारीत भाचीला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की पूर्णपणे सुंदर मनाचा माणूस रंगवायचा आहे आणि जगात याहून अवघड काम नाही. त्या पत्रात त्याने सर्व्हान्तेसच्या कादंबरीतल्या डॉन किहोतेचा दाखला दिला आहे. तो आपल्याला सुंदर वाटतो कारण तो त्याच वेळी हास्यास्पदही आहे. लोक त्याला हसतात आणि तो तसाच पुढे जातो, तेव्हा आपल्याला त्याची कीव येते आणि त्याच्यावर जीव जडतो. चांगुलपणाची काहीतरी किंमत त्याला मोजावी लागते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, कळलं मात्र अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. ते इथल्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. ती गिरणी कधीच बंद पडली. तरुणपणी मी एक कथा लिहिली. नायक साचेखात्यातला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. कामगारांना लेकरासारखं जपणारा, बदलीवाल्यांना, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर लागणाऱ्यांना, स्वतःच्या डब्यातली भाकरी देणारा, कधी आवाज न चढवणारा. अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "असला जॉबर कुठं बघितलास तू?"

म्हटलं, "असायला हवा होता."

"हां. पण साच्याच्या आवाजात आवाज न चढवणारा जॉबर कुणाला ऐकू येणार?"

मग त्यांनी खरं सांगितलं. त्यांचा जॉबर तोंडाचा फाटका होता. बदलीवाल्यांना काम लावायचं तर चिरीमिरी घ्यायचा. दारात उभ्या असलेल्या पोरांतून बोट दाखवून निवडायचा, ज्याच्याकडे बोट गेलं नाही तो त्या दिवशी उपाशी. एकदा रात्रपाळीला एका बदली पोराच्या साच्यातला धोटा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो टोकदार ठोकळा, उडाला आणि थेट त्याच्या तोंडावर बसला. रक्त डोळ्यात जायला लागलं. जॉबर शिव्या घालत आला. लक्ष कुठं होतं तुझं, कुणी पाठवलं तुला इथं, असं सगळं खातं ऐकेल एवढ्या मोठ्याने. शिव्या देता देता खांद्यावरचं उपरणं काढून त्याने पोराच्या डोक्याला करकचून बांधलं. त्याला सुताच्या गठ्ठ्यावर आडवा केला, आणि त्याचा साचा पाळी संपेपर्यंत स्वतः चालवला. सकाळी हजेरी लावताना पोराची पाळी पूर्ण लावली. वरच्या साहेबाने विचारलं असतं तर जॉबरलाच महागात पडलं असतं.

हे सांगताना अण्णांचं बोट डाव्या भुवईवर फिरत होतं. तिथला व्रण मी लहानपणापासून बघत आलो होतो. पडलो होतो, असं ते सांगायचे.

मी कथा फाडली आणि पुन्हा लिहिली. माझा पहिला जॉबर मी देणाऱ्याच्या जागेवरून लिहिला होता, चांगला माणूस कसा असावा याचं भाषण केल्यासारखा. दुसरा गठ्ठ्यावर पडलेल्या पोराच्या डोळ्यांनी लिहिला. त्या पोराला जॉबर अर्धवटच दिसतो, एका डोळ्याने, खालून वर, दिव्याच्या उजेडात साच्यावर वाकलेला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दयाळू पात्र दया करणाऱ्याचाच मोठेपणा वाढवत बसलं की त्याचा अन्याय होतो. कितीतरी कथांत एक थोर मनाचा वरच्या जातीतला माणूस आणि त्याच्या उपकाराखाली वाकलेला दलित, अशी मांडणी होती. वाकलेल्याला स्वतःचं बोलणं नाही, राग नाही, हसणं नाही. दलित साहित्याने ही मांडणी मोडली, आणि मराठी गोष्टीच्या चांगुलपणाला लागलेली ती फार मोठी शिस्त आहे असं मी मानतो. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' 1984 साली आलं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नाही, पण आपल्या मुद्द्यासाठी ते वाचायलाच हवं. त्यातल्या कुठल्याच माणसाला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. तरीही आजी संतामाई आणि तिच्यासोबत राहणारा दादा, महमूद दस्तगीर जमादार, यांनी त्या पोराला जे दिलं ते वाचताना घसा दाटतो. जात, धर्म, रक्त यातलं काहीच नात्याला लागू पडत नसताना एक माणूस एका पोराला आपलं म्हणतो. ती माया घेणाऱ्याने लिहिली आहे, भुकेसकट, अपमानासकट.

त्या मुलीचा पहिला प्रश्न मात्र राहिलाच, की अशी माणसं असतात का?

आपल्या गावात डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, तिला शाळेतून नेलं असेल. जन्म 10 ऑक्टोबर 1910, सोलापूर. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक जखमींच्या सेवेला गेलं. बाकीचे चौघे परत आले, कोटणीस तिथेच राहिले. तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 ला फेफऱ्याच्या झटक्यांनी ते गेले. वय 32. पुढे ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'एक परत आला नाही' अशा अर्थाचं. त्यावरून 1946 साली व्ही. शांताराम यांनी चित्रपट केला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली.

पाच गेले होते, पाचही जण जीव धोक्यात घालून गेले होते. गोष्ट एकाची झाली. ही निवड लेखकाची, आणि ती मघाशी सांगितलेल्या एका चेहऱ्याच्या नियमाने झालेली. पण निवडलेला माणूस खरा होता. थकणारा, आजारी पडणारा, इथे घरच्यांना सोडून गेलेला. पडद्यावरचे कोटणीस आपल्याला मोठे वाटतात. चीनमधल्या त्या जखमी शिपायाला, ज्याच्या पायातली गोळी त्यांनी काढली, तेही तेवढेच मोठे दिसले असतील. त्याने त्यांना कुठल्याही चित्रपटाशिवाय, खाटेवर पडून, खालून पाहिलं होतं.

ती मुलगी परवा पुन्हा आली. मी तिला बाकावर बसवून यातलं जमेल तेवढं सांगितलं. शेवटी विचारलं, "आई विड्या वळताना तू कुठे बसतेस?"

"समोर. पानं कापून देते."

"मग तिथून ती कशी दिसते ते लिहून आण."

"चिडलेली दिसते."

"चिडलेली लिही की. आणि अजून काय दिसतं ते."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की आई सुपातल्या पानांवरचं ओलं फडकं मधेच उचलते आणि लेकीच्या कापलेल्या बोटाला गुंडाळते, काही न बोलता, आणि परत वळायला लागते. हे तिने लिहून आणलेलं नाही अजून. वही मात्र माझ्याकडून घेऊन गेली आहे.

माझी ती कथा पुढे एका दिवाळी अंकात आली होती. अण्णांनी चष्मा लावून, शब्दाशब्दावर बोट ठेवत ती पूर्ण वाचली. म्हणाले, "शिव्या कमी लिहिल्यास त्याच्या." मी म्हटलं, छापायचं होतं ना अण्णा. त्यावर त्यांनी उपरणं बांधण्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि इथे कुठल्या दोन शिव्या होत्या त्या मला म्हणून दाखवल्या, चाळीस वर्षांनी, अगदी त्या जॉबरच्या आवाजात.